पतंगाचा सांगाडा आणि पतंगाचे वळणे : काडी ताठ हवी की लवचिक?



या टिपणात आपण एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. पतंग हवेत कसा वळतो, किती चटकन वळतो आणि वळून झाल्यावर सरळ कसा राहतो, हे त्याच्या सांगाड्यावर कसे अवलंबून असते? त्यासाठी पहिल्या वर्षाचे स्थितिशास्त्र, तुळईचे वाकणे आणि जडत्व आघूर्ण म्हणजेच मोमेंट ऑफ इनर्शिया एवढे माहीत असले की पुरे.

उदाहरणाला दोन पतंग घेऊ. पहिला आपल्या ओळखीचा, दोन काड्यांचा आणि एका दोऱ्याचा कागदी पतंग. भिलाईत पावर हाउसच्या बाजारात संक्रांतीच्या आधी तो दिसतो. याच रेल्वेमार्गावर पश्चिमेला अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवर असलेल्या नागपुरातही तो दिसतो. येवल्यात तर भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस तो उडतो आणि त्याचा दोरा आसारीवर गुंडाळतात. दुसरा पतंग दोन दोऱ्यांचा, कापडी, त्रिकोणी आकाराचा. तो समुद्रकिनाऱ्यांवर आणि पतंग महोत्सवांत कसरती करताना दिसतो. त्याला कसरतीचा पतंग किंवा स्टंट काइट म्हणतात.

पोलादाच्या गावात शिकणाऱ्याला ताठपणा हा गुणच वाटतो. जे वाकत नाही ते भक्कम, आणि भक्कम ते चांगले, असे आपण धरून चालतो. पतंगाच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. कसरतीच्या पतंगाला ताठ सांगाडा लागतो, पण कागदी पतंगाला तोच ताठपणा दिला तर तो लढायच्या कामाचा राहत नाही. असे का, याचे उत्तर टिपणाच्या शेवटापर्यंत तुम्हाला स्वतःला देता आले पाहिजे.

१. पतंगावरची बले

स्थिर उडणाऱ्या पतंगावर तीन बले असतात : वाऱ्याचे बल, पतंगाचे वजन आणि दोऱ्यातला ताण. वाऱ्याचे बल असे मोजतात :

वाऱ्याचे बल = ½ × हवेची घनता × वेगाचा वर्ग × क्षेत्रफळ × गुणांक

हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर, क्षेत्रफळ ०.२५ चौरस मीटर, गुणांक ०.८ आणि वाऱ्याचा वेग ५ मीटर प्रति सेकंद धरा. बल येते ३ न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम वजनाइतके. एवढ्या कागदी पतंगाचे स्वतःचे वजन मात्र साधारण १५-२० ग्रॅमच असते. म्हणजे चांगल्या वाऱ्यात सांगाड्यावर येणारा भार त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. वारा १० मीटर प्रति सेकंद झाला की बल १२ न्यूटन होते. वेग दुप्पट झाला की भार चौपट होतो, आणि सांगाड्याचे वाकणेही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. म्हणूनच पतंगाचा आकार ठरलेला नसतो. हातात धरलेला पतंग आणि हवेतला पतंग यांचे आकार वेगळे असतात, आणि दोरा ओढताच तो आकार आणखी बदलतो.

२. एका दोऱ्याचा पतंग : वाकणे हेच सुकाणू

कागदी पतंगात दोनच मुख्य काड्या असतात. मधली उभी काडी, म्हणजे कणा. इथल्या हिंदी बोलणाऱ्यांत तिला ठड्डा म्हणतात. दुसरी धनुष्यासारखी वाकवून बसवलेली कमान. कणा तुलनेने जाड आणि ताठ असतो. कमान मध्यभागी जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळती असते. बऱ्या पतंगांच्या कडेला दोरा घालून कागद दुमडलेला असतो. त्यामुळे कागद फाटत नाही आणि कमानीची टोकेही जागेवर राहतात.

आता अडचण लक्षात घ्या. उडवणाऱ्याच्या हातात एकच दोरा आहे. त्यातून पतंगाला एकच संदेश जाऊ शकतो : ताण जास्त किंवा ताण कमी. डावीकडे की उजवीकडे हे सांगायला दुसरा मार्ग नाही. तरीही सराईत हात पतंगाला हव्या त्या दिशेला नेतो. ते कसे घडते, ते क्रमाने पाहू.

दोरा ओढला की पतंगावरून वाहणाऱ्या हवेचा सापेक्ष वेग वाढतो आणि दाब वाढतो. कमानीची दोन्ही टोके मागे झुकतात. समोरून पाहिले तर पतंग सपाट न राहता नावेच्या तळासारखा मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता होतो. या आकाराला स्थैर्य असते. पतंग एका बाजूला कलला तर त्या बाजूचा पंख वाऱ्याला जास्त समोर येतो, त्याच्यावरचे बल वाढते आणि पतंग परत सरळ होतो. या अवस्थेत पतंगाचे नाक जिकडे असेल तिकडे तो सरळ धावतो.

दोरा सैल सोडला की दाब कमी होतो, कमान सुटते आणि पतंग पुन्हा सपाट होतो. सपाट पतंगाला ते स्थैर्य नसते, म्हणून तो जागच्या जागी गरगरू लागतो. फिरता फिरता नाक हव्या त्या दिशेला आले की उडवणारा दोरा ओढतो. पतंग लगेच स्थिर होऊन त्या दिशेने सुटतो.

म्हणजे ढील देणे हे वळण आणि खेच देणे ही सरळ धाव. ताणाचे आकारात आणि आकाराचे दिशेत रूपांतर करण्याचे काम कमान करते. इथे लवचिकपणा हाच नियंत्रणाचा भाग आहे. कमान फार ताठ असेल तर खेच आणि ढील यांत पतंगाचा आकार बदलणारच नाही. पतंग एक तर कायम स्थिर राहील आणि वळणार नाही, किंवा कायम गरगरेल आणि थांबणार नाही. कमान फार मऊ असेल तर जरा वाऱ्याने टोके मागे जातील, अंगावर घेतलेला वारा निसटेल आणि पतंग उचलणार नाही.

लढतीचा पतंग मुद्दाम अस्थिरतेच्या काठावर ठेवलेला असतो. लहान मुलांच्या पतंगाला शेपटी लावतात, कारण तो स्थिर हवा असतो. लढतीच्या पतंगाला शेपटी लावली तर तो वळायला उशीर करतो. मागच्या टोकाचा छोटा कागदी त्रिकोण थोडे मागचे क्षेत्रफळ वाढवतो. तो जितका मोठा, तितका पतंग सरळ पळणारा आणि वळायला जड.

शेपटीशिवाय स्थिर राहणारा पतंग हवा असेल तर कमान कायमची वाकवून बांधतात. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या विल्यम एडी यांनी १८९० च्या दशकात असा पतंग प्रचारात आणला. आडवी काडी दोरीने ताणून धनुष्यासारखी केलेली, आणि शेपटी नाही. तो उपकरणे वर नेण्यासाठी उपयोगी पडला, कारण तो शांत उभा राहतो. काड्या दोनच, मांडणीही जवळपास तीच. फरक फक्त वाकणे कायमचे आहे की ताणाबरोबर बदलणारे आहे, एवढाच.

३. कमान किती तासायची : एक हिशेब

कमानीचे अर्धे अंग ही एका टोकाला घट्ट धरलेली तुळई माना, म्हणजे आपली कॅन्टिलिव्हर. टोकावर भार ठेवला तर

टोकाची घसरण = भार × लांबीचा घन ÷ (३ × यंग गुणांक × छेदाचे द्वितीय आघूर्ण)

आयताकृती छेदासाठी द्वितीय आघूर्ण = रुंदी × जाडीचा घन ÷ १२.

बांबूची पट्टी ४ मिलिमीटर रुंद, २ मिलिमीटर जाड घ्या. बांबूचा तंतूंच्या दिशेने यंग गुणांक साधारण १५ गिगापास्कल धरा. लांबी ३० सेंटिमीटर, टोकाला टांगलेले वजन १० ग्रॅम. घसरण येते सुमारे २२ मिलिमीटर.

आता जाडी फक्त ०.२ मिलिमीटरने कमी करा, म्हणजे १.८ मिलिमीटर. ०.९ चा घन ०.७२९, म्हणून घसरण होते सुमारे ३० मिलिमीटर. जाडी १० टक्के कमी केली आणि ताठरता २७ टक्के गेली. तेवढीच १० टक्के कपात रुंदीत केली असती तर ताठरता १० टक्केच गेली असती. म्हणून कमान तासताना बारीक सुधारणा करायची असेल तर रुंदीतून तासा, मोठा बदल हवा असेल तरच जाडीला हात लावा.

याचाच दुसरा अर्थ असा : डावे अंग २ मिलिमीटर आणि उजवे १.८ मिलिमीटर राहिले, तर डोळ्याला फरक दिसणार नाही, पण वाऱ्यात उजवे टोक जास्त मागे जाईल, तिकडचा वारा निसटेल आणि पतंग सतत उजवीकडे ओढेल. पतंग नेहमी मऊ बाजूला झुकतो. आणि वारा वाढला की हा दोष वाढतो, कारण वाकणे भाराबरोबर वाढते.

बांबू तासताना कोणती बाजू तासावी यालाही कारण आहे. बांबूतले मजबूत तंतू बाहेरच्या सालीकडे दाट आणि आतल्या बाजूला विरळ असतात. म्हणून साल शाबूत ठेवून आतली बाजू तासावी. साल खरवडली तर वजन थोडे आणि ताठरता फार जाते.

४. टोकाचे वजन महाग पडते

वळण्याचा वेग ठरवणारी दुसरी राशी म्हणजे जडत्व आघूर्ण. ६० सेंटिमीटर लांबीची, ४ ग्रॅम वजनाची काडी तिच्या मध्याभोवती फिरते असे माना. सोयीसाठी ती सरळ आणि एकसारख्या जाडीची धरू.

जडत्व आघूर्ण = ४ ग्रॅम × लांबीचा वर्ग ÷ १२ = १.२ × १०⁻⁴ किलोग्रॅम मीटर वर्ग.

आता दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा ग्रॅम वजन वाढवा. चिकटपट्टी, जास्तीचा डिंक, जाड टोक, काहीही. वाढलेले जडत्व आघूर्ण ०.९ × १०⁻⁴. म्हणजे वजन २५ टक्के वाढले, पण जडत्व आघूर्ण ७५ टक्के वाढले. तोच एक ग्रॅम मध्यापासून ५ सेंटिमीटरवर दोन्हीकडे वाटून लावला असता तर वाढ जेमतेम २ टक्के झाली असती.

फिरवणारे बल तेच असेल तर कोनीय त्वरण जडत्व आघूर्णाच्या व्यस्त प्रमाणात असते. जड टोकांचा पतंग उशिरा वळायला लागतो, आणि वळू लागला की उशिरा थांबतो. लढतीत दुसरी गोष्ट जास्त नडते. नाक हव्या दिशेला आल्यावर तुम्ही खेच देता, पण पतंग आणखी थोडा फिरून भलतीकडे निघतो. टोकाकडे निमुळती होत जाणारी कमान ही म्हणून दुहेरी फायद्याची आहे. टोके हलकी होतात आणि वाकणेही नेमके टोकाकडे होते.

५. दोन दोऱ्यांचा पतंग : ताठपणा का लागतो

दोन दोऱ्यांनी पतंग चालवण्याची कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात स्मिथसोनियन संस्थेचे पॉल गार्बर अमेरिकी नौदलात होते. त्यांनी तोफखान्याच्या नेमबाजीच्या सरावासाठी सुकाणू असलेला दोन दोऱ्यांचा लक्ष्य-पतंग तयार केला. १९७२ साली इंग्लंडच्या पीटर पॉवेल यांनी दोन दोऱ्यांचा चौकोनी कसरतीचा पतंग बाजारात आणला आणि हा खेळ लोकांत पसरला. आजचा कसरतीचा पतंग मात्र बहुधा त्रिकोणी पंखासारखा असतो.

त्याचा सांगाडा असा : मधोमध कणा, नाकापासून दोन्ही बाजूंना जाणारे पुढच्या कडेचे दोन दांडे, वर एक छोटा आडवा दांडा आणि खाली कण्यापाशी जोडलेले दोन आडवे दांडे. खालच्या आडव्या दांड्यांपासून बारीक टेकण्या निघतात. त्या कापडाची मागची कड दूर ढकलून कापडाला खोली देतात.

इथे उजवा दोरा ओढला की उजवा पंख मागे धरला जातो, डावा पुढे जातो आणि नाक उजवीकडे वळते. डावे-उजवे सांगायला आता स्वतंत्र मार्ग आहे. संदेश दोन दोऱ्यांतल्या फरकातून जातो आणि तो कापडापर्यंत पोचवण्याचे काम सांगाड्याचे असते. सांगाडा मऊ असेल तर तुमच्या हाताची अर्धी हालचाल दांडे वाकवण्यातच खर्च होते. पतंग उशिरा ऐकतो आणि दांडे परत सरळ होताना हेलकावा खातो. म्हणून इथे ताठपणा हवा.

आता टिपणाचा मुख्य मुद्दा एका वाक्यात मांडता येतो. नियंत्रण वाकण्यातूनच होत असेल तर सांगाडा मोजून लवचिक हवा, आणि नियंत्रण वेगळ्या दोऱ्यांतून होत असेल तर सांगाडा ताठ हवा.

या नियमालाही मर्यादा आहे. पुढच्या कडेच्या दांड्यांचा टोकाकडचा भाग थोडा वाकणारा ठेवला तर झोत आल्यावर टोके मागे जाऊन जास्तीचा वारा सोडतात आणि झटका हातापर्यंत कमी येतो. खालचे आडवे दांडे मात्र ताठच लागतात. ते वाकले तर पंखांमधला कोन बदलतो आणि सगळा पतंगच बदलतो. टेकण्यांची लांबी वाढवली तर कापडाची खोली वाढते आणि पतंग सावकाश, सरळ मार्ग धरून उडतो. काही जण कण्याच्या खालच्या टोकात थोडे वजन घालतात. त्यामुळे नाक मागे टाकून पतंगाला पाठीवर लोळवण्याच्या कसरती सोप्या होतात, पण हलक्या वाऱ्यात पतंग उचलायला जड होतो. सांगाड्यात फुकट काही मिळत नाही.

६. मोठा पतंग म्हणजे लहान पतंगाची मोठी नक्कल नव्हे

प्रकल्पासाठी पतंग करताना बरेच जण लहान पतंगाची सगळी मापे दुप्पट करतात. काय होते ते पाहा. वाऱ्याचे बल चौपट. लांबीचा घन आठपट. छेदाचे द्वितीय आघूर्ण सोळापट. घसरण ४ × ८ ÷ १६ = २ पट, म्हणजे लांबीच्या प्रमाणात तेवढीच. इथपर्यंत ठीक. पण काड्यांचे वजन आठपट झाले आणि क्षेत्रफळ चौपटच. दर चौरस मीटरला काड्यांचे वजन दुप्पट झाले. वजनात काड्यांचाच वाटा मोठा असेल तर पतंग उचलायला लागणारा किमान वारा सुमारे १.४ पट होतो. जडत्व आघूर्ण तर ८ × ४ = ३२ पट होते. लहान पतंग झटकन आणि मोठा पतंग दमाने वळतो त्याचे हे एक मुख्य कारण.

उपाय म्हणजे पोकळ नळी. बाहेरचा व्यास तोच ठेवून आतला व्यास त्याच्या ०.७ पट केला तर वजन ५१ टक्के उरते आणि ताठरता ७६ टक्के. बांबूचे अख्खे कांडे पोकळ असते ते याच हिशेबाने.

साहित्याची तुलना करताना यंग गुणांक भागिले घनता हे गुणोत्तर पाहावे. गिगापास्कल आणि ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर या एककांत ढोबळ आकडे असे येतात :

- बांबू : १५ ÷ ०.७५, म्हणजे सुमारे २०
- काचतंतूचा दांडा : ४० ÷ १.९५, म्हणजे सुमारे २०
- कार्बनतंतूचा दांडा : १३० ÷ १.५५, म्हणजे ८० च्या पुढे

बांबू या हिशेबात काचतंतूच्या बरोबरीला उभा राहतो. कार्बन पुढे आहे, म्हणून कसरतीच्या पतंगात तो वापरतात. हलक्या वाऱ्यासाठी पातळ भिंतीच्या नळ्या, जोराच्या वाऱ्यासाठी जाड दांडे आणि जाळी लावलेले कापड, अशी वेगवेगळी रूपे करतात. मध्य भारतात संक्रांतीच्या दिवसांत वारा सहसा हलका असतो. तिथे हलकी, नीट तासलेली बांबूची कमान हाच शहाणपणाचा पर्याय आहे.

७. साहित्य निवडताना जीवाचा प्रश्न

कार्बनतंतू वीजवाहक आहे. पावर हाउस स्टेशनवरून जाणाऱ्या हावडा-मुंबई मार्गावरच्या ओव्हरहेड तारांत २५,००० व्होल्टचा दाब असतो. कार्बनचा सांगाडा त्या तारांना लागला किंवा दोन तारांमध्ये अडकला तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. कोरडा बांबू वाईट वाहक आहे, पण ओलसर दोरा वीज वाहू शकतो. म्हणून कोणताही पतंग रेल्वेमार्ग आणि वीजवाहिन्यांपासून दूर, मोकळ्या मैदानातच उडवा. तारेवर अडकलेला पतंग सोडून द्या. दोन दोऱ्यांचा पतंग वेगाने जमिनीजवळ येतो, त्यामुळे दोऱ्याच्या लांबीच्या परिघात माणूस नसावा.

नायलॉनचा आणि इतर कृत्रिम धाग्यांचा मांजा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंद केला आहे. त्याने माणसांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापले जातात. वळणारा पतंग करणे ही सांगाड्याची विद्या आहे. ती शिकायला धारदार दोरा लागत नाही, साधा सुती दोरा पुरतो.

८. दोष ओळखायची रीत

पतंग नीट उडत नसेल तर आधी दोष कुठे आहे ते ठरवा. डावे-उजवे दोष बहुधा सांगाड्याचे असतात, वर-खालचे दोष बहुधा कन्नीचे. कन्नी म्हणजे पतंगाला बांधलेली ती दोऱ्याची जोडणी, जिला पुढे मुख्य दोरा लागतो.

- वारा कमी-जास्त झाला तरी एकाच बाजूला तेवढाच झुकतो : ती बाजू जड आहे. विरुद्ध टोकाला कागदाची छोटी घडी बांधा.
- वारा वाढला की झुकणे वाढते : ती बाजू मऊ आहे. विरुद्ध बाजू थोडी तासा.
- दोन्हीकडे गरगरतो आणि खेच दिली तरी थांबत नाही : कमान फार ताठ, किंवा कन्नीचा जोड फार खाली.
- सरळ पळतो पण वळत नाही : कमान फार वाकलेली, टोके जड, किंवा कन्नीचा जोड फार वर.

जड बाजू आणि मऊ बाजू यांतला फरक विसरू नका. मऊपणाचा दोष वजन बांधून झाकला तर तो एकाच वाऱ्यात झाकला जातो.

१८९९ साली राइट बंधूंनी पंख पिळून विमान वळवण्याची कल्पना तपासली ती सुमारे दीड मीटर रुंदीच्या, चार दोऱ्यांनी चालवलेल्या पतंगावर. स्थैर्य किती ठेवायचे आणि किती सोडायचे हा प्रश्न तिथेही हाच होता. विमानाचा पंख असो की कागदी पतंगाची कमान, आधी विचारायचे ते हे : इथे वाकणे नियंत्रणाला मदत करते की ते खाऊन टाकते?

स्वाध्याय

१. बांबूच्या दोन कमानी घ्या. प्रत्येक कमान मध्यभागी घट्ट धरून दोन्ही टोकांना आळीपाळीने सारखेच वजन टांगा आणि घसरण मोजा. डाव्या-उजव्या घसरणीतला फरक ५ टक्क्यांच्या आत आणण्यासाठी किती तासावे लागले ते नोंदवा.

२. गोल दांड्याचा व्यास १० टक्के कमी केला तर ताठरता किती टक्के कमी होईल? (उत्तर : सुमारे ३४ टक्के.)

३. पतंगाची सगळी मापे दीडपट केली तर काड्यांचे वजन, क्षेत्रफळ आणि जडत्व आघूर्ण किती पट होईल? दर चौरस मीटरला काड्यांचे वजन पूर्वीइतकेच ठेवायचे तर दांड्याच्या रचनेत कोणता बदल कराल?

४. वाऱ्याचा दाब × क्षेत्रफळ × लांबीचा वर्ग ÷ (यंग गुणांक × छेदाचे द्वितीय आघूर्ण) ही राशी एककरहित आहे हे दाखवा. लढतीच्या पतंगासाठी आणि कसरतीच्या पतंगासाठी ही राशी तुलनेने मोठी हवी की लहान, ते कारणासह लिहा.